मिरगाच्या आधीचं जळण

कराड मागं टाकून पाटणच्या रस्त्याला लागलं, की चुलीत काय जळतं ते गावागणिक बदलत जातं. मार्गशीर्ष सरत आला होता. ऊसतोड जोरात होती आणि रस्त्याकडेच्या गुऱ्हाळांचा धूर पहाटेपासून चढत होता. गुऱ्हाळापुढच्या मोकळ्या रानात चिपाडं पसरलेली होती. रस काढलेला ऊस दोन-तीन दिवस ऊन खाऊन खडखडीत झाला, की तोच काहिलीखाली जातो. उसाचा रस उसाच्याच जाळावर आटतो. चुलवाणाच्या तोंडाशी बसलेला गडी एकसारखा चिपाडं आत सारत होता. जाळ जरा मंदावला की वरून गुळव्याची हाक येई. बोलायला दोघांनाही सवड नव्हती, पण गरम काकवीची वाटी हातात दिल्याशिवाय त्यांनी आम्हाला हलू दिलं नाही.

मल्हारपेठच्या अलीकडं ऊसतोड कामगारांच्या कोप्या लागल्या. माणसं बीडकडची. चुली तीन दगडांच्या, उघड्यावर, आणि त्यांचं जळण रोजच्या रोज गोळा करायचं काम पोरांकडं. साठा करायला त्यांना ना जागा, ना मुक्काम. कोपीच्या दाराशी काटक्यांचा गुडघाभर ढीग असतो, त्यात संध्याकाळच्या भाकऱ्या आणि रात्रीची शेकोटी दोन्ही भागवायचं. आजूबाजूला मात्र एकरच्या एकर पाचट पडलेलं, आणि ते बहुतेक ठिकाणी तोड झाल्यावर शेतातच पेटवून देतात. हे बघितलं की मला डॉ. आनंद कर्वे आठवतात. त्यांच्या ‘आरती’ या संस्थेनं याच पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची रीत बसवली आणि २००२ साली तिला ॲशडेन पुरस्कार मिळाला. पाचट भसकन पेटतं आणि क्षणात राख होतं. त्याचा कोळसा केला की तो सावकाश, जवळजवळ धुराविना जळतो. कृष्णा-कोयनेच्या काठी ही रीत घरोघरी पोचायला हवी होती. ती पोचलेली मला तरी या वाटेवर दिसली नाही, आणि याचं वाईट वाटतं.

माझं गाव आटपाडी तालुक्यातलं. पाऊस वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही पडला तर. तुरकाट्या, बाभळीची फाटी, ओढ्याकाठची वेडी बाभळ आणि शेणी हे आमचं जळण. ते घरामागं भिंतीला टेकून बारा महिने उघड्यावर पडलेलं असतं. शेणीची हुडवी शेणामातीनं लिंपली की पावसाची काळजी मिटली. आमच्याकडं जळण मिळवणं अवघड, सांभाळणं सोपं. पाटण तालुक्यात याच्या अगदी उलट. डोंगर झाडीनं भरलेले, आणि त्यातलं घरात आणलेलं लाकूड कोरडं ठेवणं हीच सगळी लढाई. कोयनानगरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस होतो. आमच्या दहा वर्षांचा पाऊस त्यांच्याकडं एका चौमाशात पडतो. त्यातलं थोडं पाणी आता आमच्या माळावरही येतं. कोयना कराडला कृष्णेला मिळते, आणि तिथून जवळ, आगरकरांच्या टेंभू गावाशी, पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर-आटपाडीकडं चढवलं जातं. डाळिंबाच्या बागेत ते पाणी धरताना माझ्या मनात कितीदा येऊन गेलेलं, की एवढा पाऊस ज्यांच्या कौलावर पडतो ती माणसं चूल कशी पेटवत असतील. कॉलेजातल्या मैत्रिणीचं माहेर मोरणा खोऱ्यातलं. तिच्याबरोबर मी निघाले.

पाटण गाव कोयना आणि केरा यांच्या संगमावर आहे. बाजारपेठेचा रस्ता अरुंद, दुकानांच्या दारात तांब्याचे बंब, घोंगड्या, कोयते. एका लोहाराच्या कामठ्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. त्याच्यापुढं धार लावायला आलेल्या कुऱ्हाडींची रांग होती आणि प्रत्येकीच्या दांड्यावर वाडीचं नाव खडूनं लिहिलेलं. “दिवाळीपास्नं शिमग्यापतोर कुऱ्हाडी,” तो म्हणाला, “मग पेरणीची आवजारं.” दांडा धामणीचा हवा, तिचं लाकूड लवतं पण मोडत नाही आणि हाताला हिसका बसत नाही, असंही त्यानं एक दांडा माझ्या हातात देऊन पटवून दिलं. आमच्याकडं नवखं माणूस दिसलं की आधी ‘कुठलं गाव, कुणाची’ ही चौकशी होते आणि मग पाणी येतं. इथं लोहाराच्या बायकोनं आधी चहाचा कप पुढं केला, तो पिऊन होईपर्यंत काही विचारलं नाही, आणि मग ‘कुठल्या म्हणायच्या तुमी?’ म्हणून शेजारी बसली. आटपाडी म्हटल्यावर तिनं एवढंच विचारलं, “तिकडं लाकूड मिळतंय का?”

पाटणहून मोरगिरीच्या बाजूला वळलं की ऊस विरळ होत जातो आणि भातखाचरांचे सड दिसू लागतात. डोंगर दोन्हीकडून जवळ येतात. वरच्या उतारांवर नाचणीच्या पट्ट्या, त्यांच्या वर कारवी, आणि कारवीच्या वर गर्द रान. याच खोऱ्यात आंबेघर आहे. २०२१ च्या जुलैत इथं आणि कोयनेकडच्या मिरगाव, ढोकावळे या गावांत रात्रीच्या पावसात डोंगर घरांवर आला आणि माणसं गाडली गेली. मैत्रिणीच्या गावात तेव्हापासून घरांच्या वरच्या उताराला कुणी कुऱ्हाड लावत नाही. तसा ठराव कुणी केला नाही, नुसती रीत पडली आहे. त्या उताराकडं बोट करून मैत्रिणीची काकी म्हणाली, “तिथलं जळाण न्हाई जाळत आमी. लांबनं आणतो, पर तिथलं न्हाई.”

काकीच्या घरी जळणाच्या दोन थप्प्या होत्या. पडवीतली काळपट, गेल्या सालची, आता कमरेपर्यंत उतरलेली. अंगणातली ताजी, कापलेल्या तोंडांना तांबूस रंग, जवळ गेलं की ओल्या सालीचा तुरट वास. हिवाळ्यातच या दोन्ही एकदम बघायला मिळतात. जुनी संपत असते आणि नवी चढत असते. थंडीत अंगाला जी ऊब लागते ती गेल्या वैशाखात घरात आणून ठेवलेली असते, आणि थंडीतच पुढच्या आषाढाची तयारी सुरू होते. भात घरात आलं की तोडीला सुरुवात. बांधावरच्या झाडांच्या फांद्या, वाऱ्यानं पडलेलं, वठलेलं. ऐन, जांभूळ, किंजळ. पौष-माघात फोडून घ्यायचं, कारण ऐन ओला असतानाच चिरतो, वाळला की कुऱ्हाडीला दाद देत नाही. फाल्गुन-चैत्राचं ऊन त्याला द्यायचं आणि वैशाखात सगळं छपराखाली. मृग लागतो ७-८ जूनला, पण वळीव त्याआधीच गाठतो. म्हणून गावात लग्नाच्या तारखा धरतानासुद्धा जळण भरायचे दिवस सोडून धरतात.

रचण्याची पद्धत मी काकीच्या शेजारी उकिडवी बसून बघितली. खाली चार दगड, त्यावर दोन जाड ओंडके, म्हणजे जमिनीची ओल आणि वाळवी वर चढत नाही. दोन्ही टोकांना एक थर आडवा, एक थर उभा, असे चौकटी खांब करत आणायचे. मधलं जळण त्या खांबांच्या आधारानं बसतं, ढासळत नाही. भिंतीपासून हातभर अंतर सोडायचं. वारा खेळला पाहिजे आणि मागं साप-विंचू असला तर दिसला पाहिजे. सगळ्यात वर कारवीच्या काट्या, त्या रोज लागतात म्हणून हाताशी. वाळलं की नाही हे कसं कळतं, असं विचारल्यावर तिनं जुन्या थप्पीतल्या दोन ढलप्या घेऊन एकमेकींवर आपटल्या. टणटणीत आवाज आला. मग नव्यातल्या दोन आपटल्या, तर नुसता थप. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं. ते तसंच चुलीत घातलं तर जाळाचा बराच भाग आधी ते पाणी उडवण्यात जातो आणि हाती येतो फक्त धूर. नीट वाळलेल्या लाकडात पाणी पाचव्या हिश्शापर्यंत खाली येतं. काकीच्या कानाला हा हिशेब आवाजावरून कळतो.

मी तिला नॉर्वेची गोष्ट सांगितली. तिथं सहा-सहा महिने बर्फ असतं आणि जळण रचणं ही मोठ्या अभिमानाची गोष्ट मानतात. लार्स मिटिंग नावाच्या लेखकाचं सरपणावरचं पुस्तक तिथं तडाखेबंद खपलं, आणि २०१३ च्या फेब्रुवारीत त्यांच्या सरकारी दूरदर्शननं सलग बारा तास जळणावर कार्यक्रम दाखवला. त्यातला मोठा भाग म्हणजे नुसती पेटलेली शेगडी. प्रेक्षकांचे निरोप आले ते एका मुद्द्यावर: ढलपी रचताना साल वरच्या बाजूला हवी की खालच्या. काकीनं ते मन लावून ऐकलं. बारा तासांचं तिला नवल वाटलं नाही. “अंगणात साल वर,” ती म्हणाली, “साल म्हंजे लाकडाचं इरलं. पडवीत कशीबी लावा.” नॉर्वेतही पावसात उघड्यावर ठेवणारे हेच सांगतात.

पावसाळ्यात हेच जळण घरात तीन मुक्काम करत चुलीपाशी येतं. आधी पडवी, मग गोठ्यावरचा माळा, आणि शेवटी चुलीच्या बरोबर वरची फळ्यांची मांडणी. तिथं आठवड्यापुरतं चढवतात, म्हणजे खालच्या जाळानं वरचं वाळत राहतं. आषाढात पडवीतलं कोरडं लाकूडही हवेनं दमट होतं, काडी लावली तर धुमसत बसतं. धुरात शेकलेलं तेवढं पेटतं. त्याच मांडणीखाली बियाण्याची कणसं टांगलेली, वर कौलांचे वासे काजळीनं चकचकीत काळे. घरात पावसाळ्यात बाळंतपण यायचं असलं की त्यासाठी ऐनाचं जाड, धूर न करणारं जळण वेगळं राखून ठेवतात. बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवायची, तर ती रात्रभर टिकायला हवी. काकीनं गोठ्याच्या माळ्यावरची ती वेगळी थप्पी मला दाखवली. धाकट्या सुनेला पावसाळ्यातच दिवस भरणार होते. तेव्हाच्या शेकाचं लाकूड पौष लागायच्या आधीच बाजूला काढलेलं होतं.

कुणाचं जळण करायचं आणि कुणाचं नाही, यालाही रीत आहे. उंबराला हात लावायचा नाही. हिरडा ठेवायचा, कारण त्याची फळं विकली जातात. पांगारा आणि सावर यांना कुणी विचारत नाही, त्यांच्या हलक्या लाकडाचा जाळ टिकत नाही. आंबा-फणसाचं वठलेलं झाड मिळालं तर भावकीत वाटून घेतात.

दिवेलागणीला अंगणातून माणसं आत सरकली. आमच्याकडं पाहुण्याला सोप्यात बसवतात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत घरचंच माणूस जातं. इथं थंडीत पाहुण्याला थेट चुलीपाशी नेतात, कारण घरातली चांगली जागा तीच. माझ्यासाठी पोतं घडी करून अंथरलं. जाळाच्या सर्वांत जवळ ऐंशीच्या पुढचे आबा आणि त्यांच्या मांडीवर पणतू. त्यांच्यामागं बाकीचे. बाहेर धुकं उतरायला लागलं होतं. काकीनं नाचणीची भाकरी थापली, तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी केली, ती टम्म फुगली. बरोबर हुलग्याचं माडगं, घेवड्याची आमटी, इंद्रायणीचा भात आणि खर्डा. आमच्या बाजरीच्या भाकरीला करकरीत कडा असते आणि ती दुसऱ्या दिवशीही चालते. नाचणीची गरम असतानाच खाण्यात गोडी, आणि माडगं पोटात गेल्यावर अंगात जी ऊब चढते ती घोंगडीनं यायची नाही.

कोपऱ्यात गॅसची शेगडी होती. पंतप्रधान उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, त्यानंतर काही वर्षांत या गावातही घरोघरी सिलिंडर आला. वाघाच्या राखीव क्षेत्राच्या कडेला असलेल्या गावांत वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतूनही गॅस दिला गेला. सकाळचा चहा, पोराचं दूध, घाईची भाजी त्यावर होते. पण आबांना गॅसपुढं बसवून शेकता येत नाही. अंघोळीचं दहा माणसांचं पाणी गॅसवर परवडत नाही. ओले कपडे, ओलं बियाणं, ओलं पोर गॅसनं वाळत नाही. स्वयंपाकाचा बराच भाग गॅसनं उचलला, घर ऊबदार ठेवायचं काम मात्र लाकडाकडंच राहिलं. आपल्याकडं चुलीबद्दल बोलताना फक्त अन्नाचा विचार होतो. योजना आखणाऱ्यांनी एकदा पौषातल्या किंवा आषाढातल्या संध्याकाळी अशा घरात बसून बघायला हवं.

धुराबद्दल मला गोड बोलवत नाही. काकीचे डोळे बारमाही लाल असतात आणि तिचा खोकला पहाटे सगळ्यांच्या आधी उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या चुलींच्या धुरामुळं जगात २०२० साली ३२ लाख माणसं अकाली मेली. १९८० च्या दशकात देशभर निर्धूर चुलींचा कार्यक्रम झाला. या घरातही तेव्हा मातीची धुरांड्याची चूल बसली होती. पाइप गंजला, काजळीनं तुंबला, आणि पुन्हा बसवायला कुणी आलं नाही. काकीच्या मते दोष चुलीचा नव्हता. धूर सगळाच बाहेर गेला तर वासे आणि बियाणं वाळवायचं कशानं, हा प्रश्न कुणी तिला विचारला नव्हता. धूर बायकांच्या छातीत जाऊ नये आणि वाशांना लागावा, अशी चूल करणं अशक्य नाही. ती करायला काकीला सोबत घ्यावं लागेल.

जेवणं झाल्यावर तिनं राहिलेली लाकडं मागं ओढली, त्यांची टोकं राखेत दाबून विझवली आणि निखारे घमेल्यात काढून वर राखेचा पातळ थर दिला. ते घमेलं आबांच्या खाटेपाशी गेलं. दार पुरतं लावायचं नाही, निखाऱ्याचा वास कोंडला तर माणूस झोपेतून उठत नाही, हे तिनं मला दोनदा बजावलं.

सकाळी दव असतानाच बायकांबरोबर रानात गेले. कमरेला कोयता, खांद्यावर दोर, डोक्यावर ठेवायला जुन्या लुगड्याची चुंबळ. वर चढताना गप्पांना खळ नव्हता. कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या पोराला मुंबईत खोली मिळाली का. उतरताना मात्र कुणी बोललं नाही, मोळी डोक्यावर असली की श्वास मोजून लागतो. मोळी बांधतात ती जाड लाकडं मध्ये आणि बारीक कडेला घालून, म्हणजे तोल मधोमध राहतो. मी एक मोळी उचलून पाहिली आणि थोडं चालले. “ताई, मान ताठ ठिवा, पायाकडं बघू नका,” असं मागनं सगळ्या सांगत होत्या. वाटेत देवराई लागली. तिथं वाळलेली फांदीसुद्धा पडली तशीच राहते, उचलायची नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या अशा देवराया हिंडून त्यांची नोंद केली, त्यात हा नियम गावोगावी आढळला. ज्यांच्या चुलीला रोज लाकूड लागतं त्यांनीच पायाशी पडलेलं लाकूड देवाचं म्हणून सोडून द्यावं, हे मला फार मोठं वाटतं. देवराईच्या पलीकडं वनखात्याचे दगड सुरू होतात. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली ते चांदोलीसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. त्या दगडांच्या आत जायची मनाई आहे आणि बायका ती पाळतात, पण बाहेरचं रान आटत चालल्यानं फेरी लांबत गेली आहे.

पाटण तालुक्यातला पुरुष कित्येक पिढ्या मुंबईला जात आला. गोदीत, भाजीबाजारात, कांदा-बटाट्याच्या वखारीत पाठीवर आणि डोक्यावर ओझी वाहिली. अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांनी या माथाडींना एकत्र केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. ओझ्याला दर ठरला, मंडळ आलं, भविष्यनिर्वाह निधी आला. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे. त्याच घरांतल्या बाया इकडं डोंगरावरून तेवढीच ओझी वाहत राहिल्या. त्यांच्या ओझ्याची नोंद कुठल्याही वहीत झाली नाही. घरातली माणसंसुद्धा त्याला काम म्हणत नाहीत, ‘जळणाला गेलीय’ म्हणतात. काकीचे सासरे आणि नवरा दोघंही माथाडी होते. नवऱ्याच्या मानेवरच्या घट्ट्याबद्दल ती मायेनं बोलली. तिच्या टाळूवरचे केस चुंबळीच्या घेराएवढे झडले आहेत, त्याबद्दल बोलली नाही. ते मी पाहिले.

मोरगिरीहून परत फिरून हेळवाकमार्गे आम्ही कोयनानगरला गेलो. महाबळेश्वरापासून दक्षिणेला धावणारी कोयना इथंच कूस बदलून पूर्वेला वळते. धरणाची भिंत १०३ मीटर उंच, आणि प्रकल्पाची वीज १,९६० मेगावॅट. आमच्या आटपाडीतले दिवेही तिच्यावर लागत आले. धरणाखालच्या वस्तीतल्या घरांपुढं मात्र त्याच लाकडाच्या थप्प्या. एका आजींकडं आम्ही टेकलो. ११ डिसेंबर १९६७ ला त्या शाळकरी पोर होत्या. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी जमीन हलली, साडेसहा रिश्टरच्या आसपासचा धक्का, दीडशेहून अधिक माणसं गेली. आजी ते आकडे सांगत नाहीत. त्या थंडीबद्दल सांगतात. घरं दगडामातीची, ती बसली. वाचलेलं सगळं गाव खाचरात आलं. “आंगावर धडकं न्हाई, आन् थंडी आशी की दात वाजायचं. जळाण समदं पडवीत, पडवी माळ्याखाली. मग आबानं आमच्याच सोप्याचं वासं वडून काढलं आन् पेटवलं. आय रडाय लागली, ती मेलेल्यांसाठी का वाशांसाठी, मला कळंना.” त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या वडिलांनी जळणाची एक थप्पी घरापासून लांब, आंब्याखाली, गवतानं शाकारून ठेवली. आजी अजूनही ठेवतात. आम्हाला त्यांनी ती नेऊन दाखवली, वर प्लास्टिकचा कागद, कागदावर दगड.

पाटणला येऊन आम्ही उत्तरेकडचा सडावाघापूरचा घाट चढलो. वर उघडं पठार, गवत पिवळं पडलेलं, आणि दूरवर वनकुसवड्याकडच्या पवनचक्क्या. पावसाळ्यात इथंच कड्यावरून पाणी वाऱ्यानं उलटं वर उडतं. थंडीत तोच वारा हाडांत शिरतो. पठाराच्या कडेला धनगरवाड्यात मैत्रिणीच्या ओळखीच्या मावशी राहतात. गवळी धनगर म्हशी पाळतात आणि डोंगरमाथ्यावर राहतात. माधव गाडगीळ आणि के. सी. मल्होत्रा यांनी १९८२ साली त्यांच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात त्यांचं हे उंचावरचं जगणं तपशिलानं आलं आहे. घर लांबट, बुटकं, वाऱ्याकडची भिंत जवळजवळ बिनखिडकीची. एका अंगाला माणसं आणि दुसऱ्या अंगाला जनावरं, मध्ये कुडाची अर्धी भिंत. म्हशींच्या श्वासाची वाफ अलीकडं येते आणि घर तापवायला जाळाइतकीच कामी येते. चूल रात्रीही पुरती विझवत नाहीत, एक जाड ओंडका राखेत धुमसत ठेवतात. पहाटे फुंकणी मारली की जाळ तयार. आमच्याकडं गोठा घरापासून चार पावलं लांब ठेवण्यात टापटीप समजतात. इथं भिंतीपलीकडं म्हैस रवंथ करत असली की लेकरं गाढ झोपतात.

माथ्यावर झाड नाही, सगळा कातळ. लाकूड खालच्या उतारावरून वर चढवावं लागतं, म्हणजे ओझं घेऊन चढण. मावशींचे दोन्ही मुलगे नवी मुंबईत. सून, मावशी आणि शाळेत जाणारी नात एवढ्याच घरी. “थंडीचं भागतंय,” मावशी म्हणाल्या, “रोजचं रोज आणता येतंय. पर मिरगाच्या आत चार म्हैन्यांचं एकदम भराय लागतंय, तवा माणसं कमी पडत्यात. पोरं म्हंत्यात गॅस आणखी एक घे. गॅसवर म्हशीचं वासरू शेकतंय व्हय?” मैत्रिणीनं माझ्याकडं बघितलं आणि मी विचारलं, वैशाखात आम्ही आलो तर चालेल का. मावशींनी लगेच होकार दिला, दिवसही सांगितले, अक्षय्य तृतीया झाल्यावर. वळीव पठारावर आधी उतरतो, म्हणून आधी इथं यायचं आणि मग मोरणा खोऱ्यात काकीकडं, असं तिथंच ठरलं. दोन चुंबळी वळून ठेवते, असं मावशींच्या सुनेनं सांगितलं.